ट्रॉम्बेच्या भिंतीआड कोण तपासतं?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत अणुऊर्जेचं शांती बिल पास झालं तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तीन-चार दिवस नुसता धुरळा उडाला होता. खासगी कंपन्या येणार, परदेशी सप्लायरला मोकळं रान मिळणार, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, वगैरे. सगळे मुद्दे बरोबर आहेत, त्यावर भांडायलाच हवं. १५ तारखेला बिल मांडलं, १७ ला लोकसभेत पास, १८ ला राज्यसभेत पास. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाईचा कायदा, दोन्ही एका दमात इतिहासजमा. विरोधक म्हणत होते समितीकडे पाठवा, नाही पाठवलं, विषय संपला.

पण या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणी विचारलीच नाही आणि मला तीच गोष्ट जास्त खुपतेय. या कायद्याने एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, अखेर कायद्याचा दर्जा दिला. ४२ वर्षांनी. चांगलंच झालं. पण वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्या तपासायला हे मंडळ आहे, मग ज्या भट्ट्या वीज बनवत नाहीत त्यांचं काय? ट्रॉम्बेच्या भिंतीआडच्या? त्या कोण तपासतं, आणि तपासणारा शेवटी कुणाला जबाब देतो? संसदेला तर नक्कीच नाही.

मी चेंबूरचा. आमच्याकडे बीएआरसी, म्हणजे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, हा शब्द लोक इतक्या सहज वापरतात की ते अणुबॉम्बशी संबंधित ठिकाण आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. रिक्षावाल्याला सांगायला ते एक गेट आहे, बसचा स्टॉप आहे, कुणाच्या तरी बाबांची पक्की नोकरी आहे. एलिफंटाच्या लाँचमध्ये बसलात की डोंगराच्या पायथ्याशी ते गोल घुमट दिसतात, लोक फोटो काढतात, कुणीतरी लहान मुलाला सांगतं बघ ते अणुशक्ती. तिथली सायरस ही अणुभट्टी १९६० ची, जिच्या प्लुटोनियमवर १९७४ चा पोखरण स्फोट झाला, ती २०१० च्या शेवटी बंद केली. ध्रुव १९८५ पासून आहे, १०० मेगावॅटची, तिला आंतरराष्ट्रीय तपासणी लागू नाही कारण २००६ च्या नागरी-लष्करी वाटणीत ती लष्करी बाजूला राहिली. आणि आजूबाजूला मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, देवनार, समोर खाडीपलीकडे नवी मुंबई. जगात इतक्या दाट वस्तीला खेटून असं ठिकाण क्वचितच असेल.

आता मंडळाची गंमत बघा. एईआरबी स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ ला, ऑफिस अणुशक्तीनगरमध्येच, नियामक भवन. ते रिपोर्ट करायचं अणुऊर्जा आयोगाला, आयोगाचा चेअरमन कोण तर अणुऊर्जा खात्याचा सेक्रेटरी, आणि त्याच खात्याच्या हाताखाली एनपीसीआयएल ही सरकारी अणुवीज कंपनी, बीएआरसी, सगळ्या भट्ट्या. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीनेच स्वतःचा ऑडिटर नेमायचा, त्याला बसायला स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये खोली द्यायची आणि वर म्हणायचं की आमचा कारभार एकदम पारदर्शक आहे. तज्ज्ञही बहुतेक बीएआरसीतलेच, कारण देशात त्या विषयातली माणसं आहेतच किती.

तरीसुद्धा या मंडळाने एकदा कणा दाखवला होता. १९९३ ते ९६ डॉ. ए. गोपालकृष्णन चेअरमन होते. त्यांच्या काळात, १९९५ मध्ये, मंडळाने अणुऊर्जा खात्याच्या सगळ्या ठिकाणांची सुरक्षेच्या नजरेने झाडाझडती घेतली आणि सव्वाशेच्या वर त्रुटींची यादी केली, त्यातल्या बऱ्याच तातडीने दुरुस्त करण्यासारख्या. हा अहवाल आजपर्यंत पूर्ण जाहीर झालेला नाही. गोपालकृष्णन निवृत्त झाल्यावर जाहीर बोलायला लागले, मग पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई हायकोर्टात गेले की बाबा हा रिपोर्ट लोकांसमोर ठेवा. सरकारने १९६२ च्या कायद्यातलं कलम १८ पुढे केलं, त्यात सरकारला जवळजवळ कुठलीही अणुविषयक माहिती गोपनीय ठरवता येत होती. हायकोर्टाने १९९७ मध्ये याचिका फेटाळली आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कलम १८ उचलून धरलं. मला कोर्टाचा निकाल कळतो, राष्ट्रीय सुरक्षेच्या मुद्द्यावर न्यायाधीश हात आखडता घेणार हे उघड आहे, ते काही अणुभट्टीचे जाणकार नाहीत. मला न कळणारी गोष्ट वेगळी आहे. कोर्ट नाही म्हणालं, ठीक, पण संसदेच्या एखाद्या समितीने बंद दाराआड का होईना तो रिपोर्ट मागवून एकेक त्रुटीपुढे टिकमार्क केली, ही दुरुस्त झाली, ही राहिली, असं कधी उघडपणे समोर आलंय का? मी तरी वाचलेलं नाही.

मग १९९८ ला पोखरण झालं. देश अण्वस्त्रधारी झाला, पेढे वाटले. आणि २००० मध्ये फारसा गाजावाजा न करता अणुऊर्जा खात्याचा एक आदेश निघाला, की इथून पुढे बीएआरसीच्या ठिकाणांवर एईआरबीची देखरेख राहणार नाही, बीएआरसी स्वतःची सुरक्षा स्वतः बघेल, त्यासाठी आतच बीएआरसी सेफ्टी कौन्सिल असेल. संसदेत बिल नाही, चर्चा नाही, मतदान नाही. खात्याने एक कागद काढला आणि मुंबईतली सगळ्यात संवेदनशील जागा देशाच्या अणुसुरक्षा नियामकाच्या कक्षेबाहेर गेली. गोपालकृष्णन तेव्हा जाम चिडले होते आणि त्यांनी ते लिहिलंही. बाकी देशाला पत्ताच नाही.

याचा परिणाम काय होतो हे बघायला फार थांबावं लागलं नाही. कल्पक्कमला बीएआरसीचाच रिप्रोसेसिंग प्लांट आहे, भट्टीतून निघालेल्या जळक्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचा. २१ जानेवारी २००३ ला तिथे कामगार कचऱ्याच्या टाकीतला नमुना घ्यायला गेले. टाकी कमी किरणोत्सारी कचऱ्याची, नेहमीचं काम. पण मधला एक व्हॉल्व्ह बिघडलेला होता आणि अतितीव्र किरणोत्सारी कचरा त्या टाकीत उतरलेला होता. व्हॉल्व्ह गेला हे सांगणारी यंत्रणा नाही, आणि त्या भागात किरणोत्सार मोजून भोंगा वाजवणारा मॉनिटरही नाही. नमुना लॅबमध्ये तपासायला घेतला तेव्हा कुठे कळलं की हातात काय आहे. तोपर्यंत सहा जणांना डोस बसून गेला होता, २८० ते ४२० मिलिसीव्हर्टच्या (शरीराला बसलेल्या किरणोत्साराचं माप) दरम्यान. आपल्याकडे कामगाराला वर्षाला ३० च्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे दहा-चौदा वर्षांचा कोटा एका सकाळी.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. तीनच दिवसांत कर्मचारी संघटनेने पत्र लिहिलं, दहा मागण्या होत्या आणि त्यात एक साधी मागणी अशी होती की पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसर नेमा. नीट वाचा, प्लुटोनियम काढणाऱ्या कारखान्यातले कामगार सेफ्टी ऑफिसर मागतायत. मग संप, बदल्या, धुसफूस. बाहेर बातमी फुटायला उन्हाळा संपला आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी, बीएआरसीने पत्रकार परिषद घेऊन कबूल केलं. बीएआरसीचे तेव्हाचे संचालक बी. भट्टाचार्जी स्वतः म्हणाले की भारताच्या अणुइतिहासातला किरणोत्साराच्या डोसचा हा सगळ्यात वाईट अपघात आहे. आणि बोट कुणाकडे, तर कामगारांच्या अतिउत्साहाकडे आणि चुकलेल्या अंदाजाकडे, डोस मोजणारा बॅज न लावण्याकडे. मॉनिटर नव्हता त्याचं काय?

मला या प्रकरणात एकच विचारायचंय. त्या व्हॉल्व्हमध्ये गुपित काय होतं? टाकीपाशी भोंगा आहे की नाही हे पाकिस्तानला कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? बॉम्ब किती आहेत, कुठे आहेत, डिझाइन काय आहे हे लपवा ना, लपवलंच पाहिजे, मी काही बॉम्बविरोधी मोर्च्यातला माणूस नाही. पण पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या, मॉनिटर, डोसचे आकडे, सेफ्टी ऑफिसरच्या रिकाम्या जागा हे सगळं त्याच एका पोत्यात घालून तोंड शिवून टाकलंय, आणि पोत्यावर स्ट्रॅटेजिक असं लिहिलं की खासदार पण हात जोडून मागे सरकतात.

बरं, आपली संसद तपास करूच शकत नाही असंही नाही. जिथे दार उघडं असतं तिथे चांगलं काम झालंय. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, एईआरबीवरचा अहवाल संसदेत आला. वाचण्यासारखा आहे, सरकारी भाषा असूनसुद्धा कंटाळा येत नाही. देशातल्या ५७,४४३ मेडिकल एक्स-रे युनिट्सपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे रजिस्टर होती, बाकीची ९१ टक्के युनिट्स बिनरजिस्टर. नियम मोडला तर तेव्हा जास्तीत जास्त दंड किती, तर ५०० रुपये. हेल्मेट न घालता स्कूटर काढली की ट्रॅफिक पोलीस तेवढे घेतो. मंडळाला तेव्हा स्वतःचे नियम करायचा अधिकार नव्हता, देशाचं किरणोत्सार सुरक्षा धोरण म्हणून कागद नव्हता, सगळं त्यात लिहिलंय. त्याच्या दोनच वर्षं आधी दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडलं होतं, दिल्ली विद्यापीठाच्या लॅबमधलं जुनं उपकरण लिलावात भंगारात गेलेलं, एक माणूस गेला त्यात. म्हणजे हे काही कागदी भांडण नव्हतं.

मग तो अहवाल गेला पीएसीकडे, लोकलेखा समितीकडे, तेव्हा अध्यक्ष मुरली मनोहर जोशी. विरोधी पक्षाचा माणूस पीएसीचा अध्यक्ष असतो ही १९६७ पासूनची आपली परंपरा, आणि ती चांगली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये समितीने ९० वा अहवाल दिला आणि सरळ सांगितलं की नियामक खात्याच्या पंखाखाली असून चालणार नाही, त्याला खरं स्वातंत्र्य द्या. तेव्हा सरकारचं एक बिल आधीच लोकसभेत पडून होतं, २०११ चं, फुकुशिमानंतर घाईघाईत आणलेलं, नवीन प्राधिकरण स्थापन करायचं. समितीला ते पण अपुरं वाटलं. त्या बिलात पुन्हा हीच मेख होती की संरक्षणाशी संबंधित ठिकाणं सरकार त्यातून वगळू शकेल. २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली, बिल गेलं.

आणि एक लक्षात घ्या, कॅगने ऑडिट केलं ते एईआरबीचं. बीएआरसी २००० पासून एईआरबीच्या बाहेर. म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरचं एक्स-रे मशीन संसदेच्या नजरेखाली आलं आणि ध्रुव आली नाही.

आता थोडं पैशाबद्दल. संरक्षण बजेट २०२५-२६ चं ६.८१ लाख कोटी. यावर किती चर्चा होते माहितीये? बऱ्याचदा शून्य. लोकसभेत दरवर्षी चार-पाच खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि उरलेलं सगळं एका संध्याकाळी गिलोटिन, म्हणजे स्पीकर सगळ्या उरलेल्या मागण्या एकत्र मतदानाला टाकतात, हो म्हणणारे हो म्हणतात, झालं. १४ मार्च २०१८ ला तर कहर होता, एकाही खात्यावर चर्चा न होता सगळ्याच्या सगळ्या मागण्या अर्ध्या तासाच्या आत पास. कामकाज बंद पडलेलं होतं, गोंधळ चालू होता, त्यात दोन्ही बाजूंचा हात. माझ्या मते यात सत्ताधारी-विरोधक असा भेद करायची गरज नाही, बाकं बदलली की भूमिका बदलते एवढंच.

तुम्ही म्हणाल स्थायी समित्या आहेत ना. आहेत, १९९३ पासून, आणि त्यांचं काम सभागृहापेक्षा बरं चालतं. पण इथे एक गंमत आहे जी मला स्वतःलाही बऱ्याच उशिरा लक्षात आली. आपल्या अण्वस्त्राचे तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. क्षेपणास्त्र डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचं, ते संरक्षण मंत्रालयात, म्हणजे संरक्षण समितीकडे. पाणबुडी नौदलाची, तीही तिकडे. पण आतला गाभा, म्हणजे प्लुटोनियम आणि पाणबुडीतली अणुभट्टी, हे काम अणुऊर्जा खात्याचं, आणि ते खातं येतं विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण वगैरे बघणाऱ्या समितीकडे, जी वाघ, जंगलं, हवामान आणि बायोटेक पण बघते. संरक्षण समिती म्हणणार ते आमचं खातं नाही, विज्ञान समिती म्हणणार ते स्ट्रॅटेजिक आहे. अरिहंत ही अणुपाणबुडी २००९ ला विशाखापट्टणमला पाण्यात उतरली तेव्हा मोठा समारंभ झाला, २०१६ ला ती ताफ्यात सामील झाली तेव्हा सरकारने तसं जाहीरही केलं नाही, आणि २०१८ मध्ये पंतप्रधानांनी पहिली गस्त पूर्ण झाल्याचं सांगितलं. मधल्या काळात त्यावर एकूण किती खर्च झाला हे संसदेच्या कागदात एका जागी शोधून दाखवा.

नौदलावरून आठवलं. १४ ऑगस्ट २०१३ ची रात्र मुंबईकरांच्या लक्षात असेल, डॉकयार्डमध्ये सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले, १८ नौसैनिक गेले. डिझेलवर चालणारी पाणबुडी, अणुभट्टी नव्हती हे आपलं नशीब. कॅगने नौदलाच्या अपघातांवर अहवाल केला आणि तो २०१७ च्या पावसाळी अधिवेशनात आला, त्यात २००७-०८ पासूनच्या ३८ अपघातांचा आणि ३३ मृत्यूंचा हिशेब होता, आणि सुरक्षेसाठी वेगळी यंत्रणा नौदलाने २०१४ मध्ये उभी केली पण तिला सरकारची मंजुरीच अजून मिळाली नाही असंही लिहिलं होतं. त्याच अधिवेशनात लष्कराच्या दारूगोळ्याचा अहवाल आला, १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवस पुरेल इतकाही नाही. टीव्हीवर हलकल्लोळ. साहजिकच, त्या वेळी डोकलाममध्ये चीनसमोर सैन्य उभं होतं.

यातून काय शिकलो आपण? त्यानंतर संरक्षणावरचे बरेच कॅग अहवाल वेबसाइटवर टाकणंच बंद झालं. संसदेत मांडतात, छापील प्रत असते, पण तुम्हीआम्ही घरी बसून डाउनलोड करायची नाही. तेव्हाचे कॅग राजीव महर्षी २०२० मध्ये म्हणाले होते की वॉशिंग्टन, बीजिंग, इस्लामाबादला बसून कुणी एका क्लिकवर वाचू नये म्हणून. आता मला सांगा, बीजिंगची गुप्तहेर यंत्रणा संसदेच्या लायब्ररीतली छापील प्रत मिळवू शकणार नाही? अडलं ते चेंबूरच्या माणसाचं, शी जिनपिंगचं नाही. राफेलच्या अहवालात तर किमतीचे आकडे काढून फक्त टक्केवारी ठेवली, २.८६ टक्के स्वस्त, पण किती रुपयांनी ते विचारायचं नाही.

अशा वेळी लोक हमखास म्हणतात की सगळ्या देशात असंच असतं. नसतं. ब्रिटनचं बघा. त्यांचा अख्खा अण्वस्त्र कारभार चार पाणबुड्यांवर आहे, म्हणजे गुपित जपायचं कारण आपल्यापेक्षा कमी नाही. तरी त्यांच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिथल्या कॅगने, २०१९ च्या एप्रिलमध्ये रिटायर झालेल्या अणुपाणबुड्यांचा हिशेब छापला. १९८० पासून २० पाणबुड्या निवृत्त, तोवर एकही पूर्ण मोडीत काढलेली नव्हती, नऊ जणींच्या पोटात तेव्हाही इंधन, डेव्हनपोर्टच्या गोदीत आणि स्कॉटलंडच्या रोसाइथमध्ये नुसत्या बांधून ठेवलेल्या. सेवेत होत्या त्याच्या दुप्पट पाणबुड्या धक्क्याला. इंधन काढायचं काम २००४ पासून तेव्हापर्यंत थांबलेलं, कारण तिथली सोय नियमांत बसत नाही असं नियामकाने सांगितलं. नुसतं सांभाळायला ५० कोटी पौंड गेले, आणि पुढच्या १२० वर्षांची देणी ७५० कोटी पौंड. मग त्यांच्या पीएसीने मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून उलटतपासणी घेतली, टीव्हीवर, लाइव्ह. पुतीनला यातून बॉम्ब बनवता आला का? नाही. पण करदात्याला कळलं की त्याच्या नातवाच्या नातवापर्यंतचं बिल आत्ताच फाटलंय.

हे त्यांना आपोआप सुचलेलं नाही हं. सत्तरच्या दशकात त्यांनी पोलारिस क्षेपणास्त्राची सुधारणा, शेव्हलिन नावाने, गुपचूप चालवली, दोन्ही पक्षांच्या सरकारांनी मिळून. संसदेला सांगितलंच नाही. १९८० च्या जानेवारीत संरक्षणमंत्री फ्रान्सिस पिम उभे राहिले आणि म्हणाले खर्च साधारण १०० कोटी पौंड. खासदारांना आपण इतकी वर्षं कशाला हो म्हणत होतो ते तेव्हा कळलं. पीएसीने १९८२ मध्ये झोडपलं आणि मोठ्या संरक्षण प्रकल्पांचा दरवर्षी हिशेब द्यायची पद्धत त्यानंतरच आली.

अर्थात तिथेही आता दारं लावून घ्यायला सुरुवात झालीये, उगाच आरती ओवाळायला नको. त्यांच्या संरक्षण खात्यात आतलाच एक अणुसुरक्षा नियामक आहे, त्याचे वार्षिक अहवाल दहाएक वर्षं जाहीर होत होते आणि त्यात दरवर्षी तीच रड की अणुइंजिनीअर पुरत नाहीत. मग २०१७ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन बंद. जून २०१६ मध्ये त्यांच्या ट्रायडंट क्षेपणास्त्राची चाचणी फसली, जुलैमध्ये संसदेने नव्या पाणबुड्यांना ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजुरी दिली, आणि फसलेल्या चाचणीची बातमी खासदारांना जानेवारी २०१७ मध्ये पेपरात वाचायला मिळाली. स्कॉटलंडमध्ये कूलपोर्टला, जिथे वॉरहेड ठेवतात, तिथे जुने पाइप फुटून किरणोत्सारी पाणी लॉक लाँगच्या खाडीत गेलं, ती कागदपत्रं मिळवायला पत्रकारांना सहा वर्षं माहिती अधिकारात झगडावं लागलं. शेवटी २०२५ मध्ये तिथल्या माहिती आयुक्ताने सांगितलं की यात धोका देशाच्या सुरक्षेला नाही, खात्याच्या अब्रूला आहे. हे वाक्य मला फार आवडलं. आपल्याकडे कुठल्या आयुक्ताची असं लिहायची हिंमत होईल कोण जाणे.

आता आपल्याकडचं नेहमीचं उत्तर, की खासदारांना सांगितलं की फुटतं. यावर माझं म्हणणं असं की आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका आधीपासूनच बंद दाराआड होतात, ब्रिटन-अमेरिकेसारखं लाइव्ह नसतं, पत्रकारांना आत प्रवेश नाही. म्हणजे गुपित जपायची सोय आहेच. लोकसभेच्या नियम २७० मध्ये तर सरकारला वरून आणखी कवच आहे, एखादा कागद दिला तर देशाच्या सुरक्षेला बाधा येईल असं वाटलं तर सरकार समितीला तो नाकारू शकतं. मग इतकी कुलपं असताना भीती कशाची? चार-पाच ज्येष्ठ खासदार, दोन्ही बाजूंचे, गोपनीयतेची शपथ देऊन, वर्षातून दोनदा ट्रॉम्बे आणि कल्पक्कमला नेऊन त्यांना सेफ्टी कौन्सिलचे इतिवृत्त वाचू द्या. त्यातलं काय छापायचं ते नंतर ठरवा. निदान निवडून दिलेल्या कुणीतरी बघितलंय एवढं तरी लोकांना कळेल.

आमच्या ओळखीतले एक काका बीएआरसीतून रिटायर झालेत, अतिशय सज्जन आणि शिस्तीचा माणूस. त्यांना मी हे सगळं बोललो तर ते म्हणाले, अरे आमच्याकडे सेफ्टी इतकी कडक असते की तुला कल्पना नाही, बाहेर जाताना हातपाय मोजल्याशिवाय सोडत नाहीत. माझा त्यांच्यावर शंभर टक्के विश्वास आहे, खरंच. मग मी विचारलं, काका, ते सेफ्टी कौन्सिलचा रिपोर्ट कधी बाहेर येतो का? तर हसले आणि काकूंना म्हणाले, याला चहा दे.

काकांचा चहा पिऊन झाला, आता खासदारांकडे जायचा विचार आहे. प्रश्नोत्तराच्या तासाला कुणीही खासदार लेखी प्रश्न टाकू शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. मी चार ओळी तयार करून ठेवल्यात, कुणाला आपापल्या खासदाराला मेल करायच्या असतील तर खुशाल उचला. एक, बीएआरसी सेफ्टी कौन्सिलच्या गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या. दोन, त्यात बीएआरसीबाहेरचे, म्हणजे खात्याच्या पगारावर नसलेले, सदस्य किती. तीन, १९९५ च्या यादीतल्या ट्रॉम्बेशी संबंधित त्रुटींपैकी किती दुरुस्त झाल्या, फक्त आकडा द्या, तपशील नको. चार, नव्या कायद्याखाली ही ठिकाणं एईआरबीकडे परत द्यायचा सरकारचा विचार आहे का. यातल्या एकाही उत्तरातून कुठल्याही शत्रूला काही मिळत नाही. आणि राष्ट्रहितासाठी माहिती देता येत नाही असं जरी छापील उत्तर आलं तरी तेही लोकसभेच्या वेबसाइटवर राहील, मंत्र्याच्या नावानिशी, तारखेसकट.